उजवीकडची खुर्ची

प्रिय दादा,

फाडू नकोस. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असणार, त्या मला इथे बसून दिसताहेत. तुझा फोटो स्टुडिओवाला मित्र कामासाठी तुमच्या बंदराकडे निघालाय. त्याच्या हातात हे पत्र देणार आहे आणि तू ते उघडल्याशिवाय तिथून हलायचं नाही अशी तंबीही देणार आहे. तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचत नाहीस, मग दुसरा इलाज काय? आणि घाबरू नकोस, 'झालं गेलं विसर आणि घरी ये' असलं काही यात नाही. ते लिहून आई दमली, मामा दमला. मी तुला माझ्या अभ्यासाबद्दल सांगणार आहे. लहानपणापासून मला टकळी म्हणत आलास ना, मग आता ऐक टकळी. मुद्द्यावर मी माझ्या चालीने येईन. पण शेवटचं पान वाचल्याशिवाय तू त्या क्रेनवर चढायचं नाहीस, एवढं कबूल कर.

तू गेल्यावर मी युनिव्हर्सिटीत नाव घातलं. मुख्य विषय संख्याशास्त्र, त्यात नवल काही नाही, पण मायनरला मी हिब्रू भाषा आणि संस्कृती घेतली. जो तो विचारायचा, का गं बाई, हेच का? मैत्रिणींना मी सांगायचे की बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या. ती थाप होती. खरं कारण फक्त तुला सांगते. तू गेल्यापासून आपल्या घरात साधं बोलणंसुद्धा अवघड होऊन बसलं होतं. प्रत्येक शब्दाला ते भांडण चिकटलेलं. कोणी 'दार लाव' म्हटलं तरी तू आपटलेलं दार आठवायचं, आणि 'बंदर' हा शब्द नुसता बातम्यांत आला तरी आई टीव्हीचा आवाज कमी करायची. मला अशी एक भाषा हवी होती, जिच्यात आपल्या घरातलं कोणी कोणाला कधीच काही बोललेलं नाही. बस, एवढंच.

बाबांना सांगितलं तेव्हा ते प्रुफं तपासत बसले होते. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ती उलटीकडून वाचायची भाषा ना? घरात एक उलट्या डोक्याचा निपजला तेवढा पुरे नव्हता वाटतं. आईने हातातली कढई ओट्यावर अशी आपटली की शेजारच्या काकू विचारायला आल्या. मी मात्र मनातून खूश झाले. रागावू नकोस, पण खरंच झाले. कारण तू गेल्यापासून त्यांनी तुझा विषय काढला तो त्या दिवशी पहिल्यांदा. टोमणा का होईना, तू त्यांच्या तोंडात आलास.

ते भांडण मी पुन्हा उगाळत नाही. दोघांपैकी कोण चुकलं यावर तर मुळीच बोलत नाही, कारण दोघेही सारखेच हट्टी आणि दोघांनाही ते सांगायची सोय नाही. बाबांनी शब्द टाकून तुला छापखान्यात पानं लावायच्या कामाला चिकटवलं, आणि तू कोणाला न सांगता राजीनामा देऊन क्रेन शिकायला गेलास. मी जन्मभर अक्षरं वेचली आणि हा लोखंड उचलायला निघाला, असं ते म्हणाले. अक्षरांनी तुमचे डोळे खाल्ले, मला माझे हवे आहेत, असं तू म्हणालास. मग ते वाक्य आलं. यापुढे माझ्यासमोर येऊन उभा राहिलास तरी मी तुझ्याकडे बघायचा नाही. बाबांचं बोलणं कसं असतं तुला माहीत आहे. एकदा छापून झालेलं पान, त्यात दुरुस्ती नाही. तू जसा त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवलास, तसा आम्हीही ठेवला.

तर माझा वर्ग. ग्रंथालयाच्या जिन्याखाली एक खोली आहे, तिथे पूर्वी मोडके पंखे ठेवायचे. आम्ही चौघं विद्यार्थी आणि शिकवायला एक म्हाताऱ्या बाई. बाईंच्या आजोळी ही भाषा बोलायचे. पहिल्याच दिवशी आम्ही चौघांनी पुस्तक शेवटच्या पानापासून उघडलं, म्हणजे आपण जे पहिलं समजतो तिथून, आणि बाई हसून हसून खोकायला लागल्या. पुस्तक उजवीकडून सुरू होतं, ओळ उजवीकडून सुरू होते, वहीसुद्धा उलटी धरायची. कितीतरी दिवस माझा हात आपसूक डावीकडे जायचा आणि बाई नुसती पट्टी टेबलावर ठोकायच्या. ही मेलेली भाषा आहे असं एकाने म्हटलं तेव्हा मात्र त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अरे, आज या भाषेत पोरं आयांशी भांडतात, मेलेल्या भाषेत कोणी भांडतं का, म्हणाल्या.

भाषेपेक्षा मला संस्कृतीचा तास आवडायचा. दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्यात. एक अशी, की ज्यू लोकांत आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्तव्यच समजतात, आणि जुनी समजूत अशी की भेटायला येणारा माणूस जाताना आजाराचा साठावा हिस्सा आपल्याबरोबर घेऊन जातो. मी लगेच हात वर केला. मग साठ जणांना बोलवा, आजार खलास! बाई म्हणाल्या, तुझ्याआधी दीड हजार वर्षांपूर्वी लोकांनी हेच विचारलंय. प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा हिस्सा नेतो, मूळच्या आजाराचा नव्हे. मी वहीत गणित मांडून बघितलं, कितीही माणसं आली तरी शून्य होत नाही. दुसरी गोष्ट, ज्या घरात माणूस गेलंय तिथे भेटायला जाणाऱ्याने आधी तोंड उघडायचं नाही. ज्याचं दुःख आहे तो बोलेपर्यंत नुसतं बसून राहायचं. मी म्हटलं, बाई, हे मात्र मला जन्मात जमायचं नाही. सगळे हसले, बाईसुद्धा.

आणि मग बाबा छापखान्यात टेबलावर कोसळले. पहिल्या पानाचं प्रूफ समोर होतं. डोक्याच्या उजव्या बाजूला रक्ताची गाठ, डावा हात-पाय गेला. हॉस्पिटलात जनरल वॉर्डच्या शेवटच्या कॉटवर जागा मिळाली. कॉटची उजवी बाजू भिंतीला टेकलेली, डावीकडे खिडकी, खिडकीखाली भेटायला येणाऱ्यांसाठी एक स्टूल. हे मी उगाच लिहीत नाहीये, ध्यानात ठेव. तुझ्या मित्राकडून तुला निरोप धाडला होता. दुसऱ्या दिवशी माझी हिब्रूची तोंडी परीक्षा होती. आई म्हणाली जा, इथे बसून तू काय करणार, म्हणून मी गेले. परत आले तेव्हा आईचे डोळे सुजलेले होते, पण त्यात विशेष काय वाटणार? तू आला नाहीस असंच मी धरून चालले. दादा, त्यानंतर मी तुला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिल्या तर कागद जळेल.

घरी आणल्यावर हळूहळू एकेक विचित्र प्रकार लक्षात यायला लागले. बाबा ताटातलं अर्धंच जेवायचे. डावीकडचं सगळं तसंच आणि वर आईला म्हणायचे, आजकाल तू पोटभर वाढत नाहीस. आईने ताट नुसतं अर्धं फिरवलं की, आत्ता वाढलंस होय, असं म्हणून जेवायला लागायचे. दाढी अर्ध्या तोंडाची. डाव्या बाहीत हात घातलेला नसला तरी कपडे घालून झाले म्हणायचे. आम्ही समजलो, डोळे गेले. पण व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी आम्हा दोघींना बाहेर बोलावून समजावलं. डोळे ठणठणीत आहेत. डोक्यातला जो भाग डाव्या बाजूची दखल घेतो तो गेलाय. त्यांच्या लेखी डावीकडे काही नाहीच, आणि तिथे काही असायला हवं होतं याचीही त्यांना जाणीव नाही. डावीकडून हाक मारलीत तर ते उजवीकडे बघतील, कारण सगळं जग आता त्यांना उजवीकडेच वाटतं. हे आम्ही रोज अनुभवलं. मी डावीकडून बाबा म्हणून हाक मारली की ते मान वळवून उजवीकडच्या कपाटात मला शोधायचे. पुढे पुढे आम्हाला त्याचं हसूही यायचं. हसू नाही तर काय करायचं, सांग.

सगळ्यात वाईट होतं पेपर वाचणं. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांच्या ओळी तपासल्या, त्याला ओळ अर्ध्यातूनच दिसायची. डावीकडची सुरुवातच गायब. आणि त्यांना ते आपलं दुखणं वाटायचंच नाही, पेपरचा दोष वाटायचा. लाल पेन मागून घ्यायचे आणि प्रत्येक ओळीपुढे खुणा करायचे. काय चाललंय छापखान्यात, एका वाक्याला धड सुरुवात नाही, मी आठ दिवस रजेवर काय गेलो, गाढवांनी पेपर बुडवला, असा आरडाओरडा. संपादकांना फोन लाव म्हणून माझ्यामागे लागायचे. व्यायामाच्या ताईंनी पानाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावायला सांगितली, ती दिसेपर्यंत मान वळवायची. बाबांनी एकदा केलं, दोनदा केलं, मग पेपर भिरकावून दिला. त्यानंतर वाचणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. वाचत नसलेले बाबा तू कधी पाहिलेस का? मी नव्हते पाहिले. घरात पाहुणा मरून पडल्यासारखं वाटायचं.

माझी पुढची परीक्षा तोंडावर आली होती म्हणून एका दुपारी मी त्यांच्या उजव्या हाताला बसून बालवाचन उघडलं. पहिलीच्या मुलांसाठी असतं तसं, मोठी अक्षरं, खाली टिंबं, शेजारी चित्रं. मी आपली पुटपुटत होते. थोड्या वेळाने बघते तर बाबांचं बोट पानावर. उजव्या कडेला, बरोबर ओळीच्या पहिल्या अक्षरावर. म्हणाले, ही इथून सुरू होते ना? मी म्हटलं हो. मग खालच्या ओळीवर बोट. हीपण? हो बाबा. त्यांनी पानावरच्या सगळ्या ओळींच्या सुरुवाती एकेक करून बोटाने चाचपल्या आणि म्हणाले, हे नीट छापलंय. मला रडूच फुटलं. ते म्हणाले, रडायला काय झालं, कोण मेलंय का?

त्या दिवसापासून ते माझे वर्गबंधू झाले. रोज दुपारी मी उजवीकडे भिंत आणि पलंग यांच्या सांदीत अंग चोरून बसायचे आणि ते अक्षरं घोकायचे. ओळीचा शेवट त्यांना दिसायचा नाही, पण त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. सुरुवात मिळाली की माणूस समाधानी. खोड मात्र जाईना. एकदा ओरडले, सापडली चूक! एकच अक्षर एका ठिकाणी आखूड आणि एका ठिकाणी लांब छापलंय. मी म्हटलं, बाबा, शब्दाच्या शेवटी आलं की ते तसंच लिहितात. इतके हिरमुसले, की मग आधी सांगायचं, म्हणून दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. बाईंना हे सांगितलं तर त्यांनी बाबांसाठी वेगळी मोठ्या अक्षरांची पानं काढून दिली. उलटी भाषा म्हणून हिणवणारा माणूस, आणि उशाशी तीच पानं घेऊन झोपायचा. तू असतास तर चिडवून चिडवून त्यांना बेजार केलं असतंस.

मग आला घरातल्या माणसांचा धडा. चित्रात चौघं जण आणि प्रत्येकासमोर शब्द. अबा म्हणजे बाबा, इमा म्हणजे आई, बत म्हणजे मुलगी. आणि बेन म्हणजे मुलगा. दोनच अक्षरं, म्हणजे सबंध शब्द त्यांना दिसला, शेवटासकट. त्यावर बोट ठेवून ते कितीतरी वेळ बसले. मी पान उलटायला गेले तर माझा हात बाजूला केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, आला नाही तो. मी मरणाच्या दारात होतो, तरी आला नाही. मी म्हटलं होतं बघणार नाही म्हणून, पण येऊ नकोस असं कुठे म्हटलं होतं? दादा, इतक्या बारीक आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांची हनुवटी थरथरत होती. अर्धी, उजवी.

मी तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि आईसमोर तुझ्या नावाने जे तोंड सोडलं ते काही विचारू नकोस. दगड आहे, काळीज नाही त्याला, वगैरे. आई ऐकत होती आणि एकदम तिने पातेल्यावर हात मारून मला गप्प केलं. म्हणाली, आला होता तो. दुसऱ्या दिवशी, तू परीक्षेला गेली होतीस आणि मी औषधं आणायला खाली गेले होते तेव्हा. परत आले तर जिन्यात भेटला, उतरत होता. चेहरा पांढराफटक. म्हणाला, बोलले तसं करून दाखवलं त्यांनी. मी जवळ बसून हाक मारली, तर तोंड फिरवलं भिंतीकडे. पुन्हा मारली, तर आणखी फिरवलं. आणि गेला. आईने हे इतके महिने पोटात ठेवलं होतं. मला कळलं तर मी बाबांचं करायचं सोडून देईन अशी तिला भीती होती. पण ती स्वतः रोज त्यांना अंघोळ घालत होती, भरवत होती, आणि मनात म्हणत होती, मरणाच्या दारातही या माणसाने लेकाकडे बघितलं नाही. बाबा 'आला नाही' म्हणाले की तिला वाटायचं ढोंग करताहेत. कितीतरी वेळा तिने त्यांना उत्तरच दिलेलं नाही. मी बघायचे आणि मला वाटायचं, बिचारी थकली असेल.

मी तिला एवढंच विचारलं, आई, दादा कुठे बसला होता? ती म्हणाली, कुठे म्हणजे, बसायला एकच तर स्टूल होतं, खिडकीखाली. आणि मग तिचं तिलाच कळलं. मला समजावून सांगावंही लागलं नाही. जी बाई रोज ताट फिरवते तिला काय सांगायचं? ती मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. तुला कोणी काही सांगितलंच नव्हतं, तू काय करणार? तेव्हा डॉक्टरांनासुद्धा जीव वाचवण्यापलीकडे काही सुचत नव्हतं, डाव्या बाजूचा हा प्रकार कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

पण अजून पुरतं झालेलं नाही, नीट वाच. मी बाबांकडे गेले, उजवीकडे बसले आणि सांगितलं की दादा आला होता, तुमच्या डाव्या हाताला बसला होता. भडकले. माझी समजूत काढायला खोटं बोलू नकोस म्हणाले, मी जागा होतो, कोणी नव्हतं तिथे. आणि मग म्हणाले, मात्र एक भास झाला होता मला. त्याने हाक मारल्याचा. भिंतीतून आवाज येत होता. मी मान वळवून वळवून बघितलं, नुसता चुना. पुन्हा हाक आली, आणखी वळलो. मान आखडली पण दिसला नाही. मला वाटलं, गोळ्यांमुळे होतंय. दादा, कळलं का तुला? ते तुला शोधत होते. छापून झालेलं पान होतं ना ते? ते त्यांनी तुझ्या पहिल्या हाकेला फाडून टाकलं होतं. तुला जे तोंड फिरवणं वाटलं ते तुझ्याकडे बघणं होतं. जेवढी मान वळेल तेवढी वळवून ते तुलाच बघत होते, फक्त तू तिथे नव्हतास.

मी हे त्यांना पटवलं का? ते मला माहीत नाही. डावीकडे काही असतं हे त्यांना पटतच नाही, तर तू तिथे होतास हे कसं पटणार? पण दुसऱ्या दिवशी सकाळी आईला म्हणाले, पलंग भिंतीपासून ओढा. आईने विचारलं कशाला, तर म्हणाले, इकडे एक खुर्ची मावली पाहिजे. मामाला बोलावून आम्ही पलंग ओढला आणि उजवीकडे जेवणाच्या टेबलाची खुर्ची ठेवली. मी सवयीने तिच्यावर बसायला गेले तर म्हणाले, तू उभी राहा. अभ्यासाच्या वेळी मी तेव्हापासून जमिनीवर बसते.

आता शेवटचं, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. गेल्या आठवड्यात त्यांना दुसरा झटका आला. हॉस्पिटलात नेलं होतं, पण डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. ते तसं कधी सांगतात हे तुला कळतं. बोलणं गेलं, गिळणं गेलं. डोळे तेवढे उघडे असतात आणि ते पूर्ण वेळ उजवीकडे, त्या खुर्चीवर. हे मी पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर तू समजला असतास की मरताना माफी मागायला बोलावताहेत, आणि पत्र चुरगळून समुद्रात टाकलं असतंस. माफी नको आहे कोणाला. तू उजवीकडे येऊन बस, एवढंच. काही बोलला नाहीस तरी चालेल, फक्त त्यांना दिसेल असा बस. आणि जाताना तुझ्या वाट्याचा साठावा हिस्सा घेऊन जा. बाकी सगळे येऊन आपापला नेऊन गेले, तुझा तेवढा त्यांच्या छातीवर तसाच आहे. हे पत्र वाचून झालं की लगेच नीघ. तरीही तू पोचशील तेव्हा पलंग रिकामा असला, तर खुर्ची मी तिथून हलवू देणार नाही. तू येऊन तिच्यावर बस. मी शेजारी जमिनीवर बसेन. मला जन्मात जमायचं नाही असं म्हणाले होते ना, पण त्या दिवशी जमवेन. तू बोलेपर्यंत मी एक शब्दही बोलणार नाही.

तुझीच,
टकळी